डॉक्युमेंटरी तर झाली, आता फेस्टिवलला पाठवायची कशी?

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा कुणीतरी फोन करून विचारलं, "अरे फिल्म झाली, आता ते इंटरनॅशनल अवॉर्डबिवॉर्ड कसं असतं, कुठे भरायचं?" आणि मी तिसऱ्यांदा दीड तास बोललो, बायको जेवायला हाका मारून मारून झोपून गेली. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी एडिटर आहे, परळला राहतो, दिवसा लग्नांचे आणि कंपन्यांचे व्हिडिओ कापतो, रात्री मित्रांच्या डॉक्युमेंटऱ्या. आमची स्वतःची पण एक आहे, ३८ मिनिटांची, लालबागच्या एका बेंजो पथकावर. तिला अवॉर्ड मिळालेलं नाही हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. पण पुढच्याला ठेच मागचा शहाणा म्हणतात ना, त्यातला पुढचा मी.

पहिल्यांदा हे डोक्यात घ्या की अवॉर्ड देते ज्युरी, आणि ज्युरी तुमची फिल्म बघते ती फार शेवटी. त्याच्या आधी प्रीसिलेक्शनवाले असतात, ते घरी लॅपटॉपवर एकामागून एक फिल्म बघतात, त्यातल्या निवडक प्रोग्रामरकडे, म्हणजे फेस्टिवलसाठी फिल्म निवडणाऱ्या माणसांकडे जातात, त्यातून दहा-पंधरा स्पर्धेत येतात, आणि मग कुठे ती पाच-सात ज्युरीची माणसं अंधारात बसून मोठ्या पडद्यावर बघणार. ज्युरीला काय आवडेल ते ब्रह्मदेवाला पण माहीत नसतं, त्याच्यावर डोकं घालवू नका. आपल्या हातात आहे ते तिथपर्यंत पोचणं, आणि माझ्या बघण्यात चांगल्या चांगल्या फिल्म अडकल्या त्या फिल्म म्हणून कमी पडल्या म्हणून नाही, कुठेतरी एक कागद नव्हता, नाहीतर सबटायटल वाचवत नव्हते, नाहीतर प्रीमियर आधीच भलतीकडे उधळून टाकला होता.

आता कुठे पाठवायची. मुंबईत राहून डॉक्युमेंटरी करणाऱ्याने मिफपासून सुरुवात करावी असं माझं मत. मिफ म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात होतो तो, १९९० साली सुरू झाला, दर दोन वर्षांनी असतो, आणि डॉक्युमेंटरी, शॉर्ट फिल्म आणि अ‍ॅनिमेशन एवढ्यासाठीच असतो. म्हणजे तिथे हिरो-हिरॉइनच्या फोटोंमागे तुमची फिल्म झाकली जात नाही. ज्यांना फिल्म्स डिव्हिजन म्हणजे काय ते आठवत नसेल त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा, पिक्चर सुरू व्हायच्या आधी ते ब्लॅक अँड व्हाइट समाचारचित्र लागायचं आणि पब्लिक बाहेर चहा मारत उभी राहायची, ते बनवणारी संस्था, १९४८ सालची. आता ती एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालीय आणि मिफ पण एनएफडीसीच भरवते.

मिफचं मोठं अवॉर्ड म्हणजे सुवर्ण शंख, आणि त्याच्या खाली रौप्य शंख. २०२४ च्या अठराव्या मिफला आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला बेस्ट डॉक्युमेंटरीचा सुवर्ण शंख निष्ठा जैन यांच्या 'द गोल्डन थ्रेड'ला मिळाला, बंगालच्या ज्यूट गिरण्यांमधल्या कामगारांवरची फिल्म, रक्कम दहा लाख. बेस्ट भारतीय डॉक्युमेंटरीला वेगळा रौप्य शंख असतो, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा वेगळी, आंतरराष्ट्रीय वेगळी, आणि फॉर्म भरताना आपण कशात बसतो ते नीट वाचायचं. शिवाय पहिली फिल्म करणाऱ्यासाठी दादासाहेब फाळके चित्रनगरीच्या नावाचं एक आहे, विद्यार्थ्यांच्या फिल्मला आयडीपीएचं, म्हणजे डॉक्युमेंटरी निर्मात्यांच्या संघटनेचं आहे, प्रयोग करणाऱ्यांसाठी फिल्म्स डिव्हिजनचे जुने दिग्दर्शक प्रमोद पती यांच्या नावाचं आहे. लोक काय करतात, मोठ्या शंखाकडे बघत बसतात आणि ज्या खान्यात आपला खरा चान्स आहे ते टिकच करत नाहीत. तुमची पहिली फिल्म असेल तर पहिली म्हणून लिहा, त्यात कमीपणा कसला.

२०२४ ला मिफ होता १५ ते २१ जून. जून म्हणजे पेडर रोडला छत्री आणि बॅगेत प्लास्टिकची पिशवी, ती तेवढी आठवणीत ठेवा. त्याच आवारात गुलशन महालात सिनेमाचं म्युझियम आहे, दोन स्क्रीनिंगच्या मध्ये वेळ असला तर बघून या. आणि तिथून वर चढून गेलं की हँगिंग गार्डन, जिथे १८९९ साली आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्तीचा सामना शूट केला होता. या देशातली डॉक्युमेंटरी तिथे सुरू झाली, एका मराठी माणसाच्या कॅमेऱ्याने, आणि आम्ही अजून "डॉक्युमेंटरी म्हणजे काय, शाळेत दाखवतात ते का?" याची उत्तरं देतोय. असो.

बाहेरचे फेस्टिवल म्हणाल तर प्रत्येकाचा महिना ठरलेला असतो आणि तो घराच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा. जानेवारीत अमेरिकेत सनडान्स, एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडला न्यॉनचा व्हिजन्स द्यू रेएल, एप्रिलअखेर टोरांटोला हॉट डॉक्स, जूनमध्ये इंग्लंडला शेफील्ड, ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनीत लाइपझिग, नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा इडफा, आणि जपानमध्ये यामागाता, तो एक वर्षाआड ऑक्टोबरात. इथे भारतात तिरुअनंतपुरमला केरळवाल्यांचा डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा फेस्टिवल आहे, २००८ पासूनचा, आणि गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या सरकारी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतीय फिल्मांसाठीच्या इंडियन पॅनोरमाचा नॉन-फीचर, म्हणजे डॉक्युमेंटरी-शॉर्टवाला विभाग आहे. एंट्रीची शेवटची तारीख फेस्टिवलच्या चार-सहा महिने आधी असते, म्हणजे नोव्हेंबरच्या इडफाला ऑक्टोबरात जागं होऊन उपयोग नाही.

आणि हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजू नका. २०१८ ला इडफाचं सगळ्यात मोठं अवॉर्ड आनंद पटवर्धनांच्या 'विवेक'ला मिळालं. २०२३ ला सनडान्समध्ये ज्युरीचं खास अवॉर्ड मिळालं ते सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'ला, आणि ती फिल्म कुणावर? मुंबईच्या दोन कोळी मित्रांवर. आपल्या दारातली गोष्ट तिकडे बर्फात जाऊन बक्षीस घेऊन आली. तेव्हा विषय परदेशी माणसाला कळेल का म्हणून तो पातळ करायला जाऊ नका, माझा अनुभव उलटा आहे, जितका गल्लीतला विषय तितका तो नीट पोचतो.

प्रीमियर. याच्यावर लोक सगळ्यात जास्त आपटतात. मोठे फेस्टिवल स्पर्धेत घेताना विचारतात की फिल्म आधी कुठे दाखवलीय का, जगात कुठेच नसेल तर वर्ल्ड प्रीमियर, फक्त आपल्या देशात दाखवली असेल तर बाहेर पहिल्यांदा दाखवताना तो इंटरनॅशनल प्रीमियर, मग आशियाई, मग त्या त्या देशाचा. आता आमच्या एका मित्राने काय केलं, फिल्म झाल्या झाल्या उत्साहात यूट्यूबवर टाकली, अडीचशे व्ह्यू आले, त्यातले शंभर नातेवाईक, आणि प्रीमियर संपला. फुकटात गेला. सोसायटीच्या हॉलमध्ये मित्रांना दाखवली तर कुणी धरत नाही, पण ऑनलाइन उघडी टाकली की बहुतेक दारं बंद. दुसरी चूक म्हणजे कुठल्यातरी छोट्या फेस्टिवलला घाईत होकार देणे आणि मग दोन महिन्यांनी मोठ्याचं बोलावणं आलं की कपाळावर हात मारणे. म्हणून आधी तीन-चार मोठ्यांना पाठवा, त्यांचं उत्तर येईपर्यंत लहानांना थांबवा. अर्थात नियम सगळीकडे सारखा कडक नसतो, शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' जानेवारी २०२२ ला सनडान्सला दाखवून तिथलं ग्रँड ज्युरी घेऊन आली आणि तरी त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या कान फेस्टिवलला गेली, स्पेशल स्क्रीनिंगमध्ये, आणि तिथलं डॉक्युमेंटरीचं अवॉर्ड, ते सोनेरी डोळावालं, ते पण घेतलं. पण ती पुढची गोष्ट झाली, आपण आपली नियमावली वाचायची. शॉर्ट फिल्मला बऱ्याच ठिकाणी सूट असते.

आता एक कटू विषय. एंट्री भरायच्या साइटवर, म्हणजे फिल्मफ्रीवेवर वगैरे गेलात की शेकडो "इंटरनॅशनल" फेस्टिवल दिसतील, त्यातले ढीगभर असे आहेत की दर महिन्याला अवॉर्ड देतात, चाळीस कॅटेगऱ्या, स्क्रीनिंग कुठेच नाही, हॉल नाही, फक्त पोस्टरवर अवॉर्डची खूण म्हणून लावायचा एक पानांचा मुकुट पीडीएफमध्ये येतो, आणि ट्रॉफी हवी असेल तर पैसे वेगळे. मी पण एकदा भरलंय, का खोटं बोला. पाच दिवसांत "अभिनंदन" आलं, आणि फिल्मची लिंक बघतो तर व्ह्यू शून्य. न बघताच आवडली होती त्यांना! ओळखायचं कसं, तर मागच्या वर्षीचं शेड्यूल शोधा, कुठल्या थिएटरमध्ये किती वाजता कुठली फिल्म लागली ते मिळतं का बघा, ज्युरीची नावं आहेत का, ती माणसं खरी आहेत का, आणि मागे तिथे फिल्म दाखवलेल्या कुणालातरी सरळ मेसेज करून विचारा. प्रोग्रामर मंडळी असले मुकुट ओळखतात, पोस्टरवर दहा लावलेत तर उलट शंका घेतात.

गाण्यांचं आता जरा सविस्तर सांगतो कारण आमची नाव तिथेच बुडाली. बेंजो पथक म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको, बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, आणि वाजवतात काय? पिक्चरची गाणी. आमच्या ३८ मिनिटांत २१ मिनिटं कुठलं ना कुठलं गाणं वाजत होतं. आम्हाला वाटलं आमच्या पोरांनी वाजवलंय, आमच्या माइकवर रेकॉर्ड केलंय, मग हक्क आमचाच. चूक. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक चालीचा आणि शब्दांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. रेकॉर्डिंग आमचं होतं हे बरोबर, पण चाल दुसऱ्या कुणाची होती आणि ती फिल्ममध्ये वापरायला परवानगी लागते, बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडून. बाहेरच्या एका फेस्टिवलने फिल्म घेतली, आम्ही पेढे वाटले, आणि आठवड्याने मेल आला की म्युझिक क्लिअरन्सचे, म्हणजे गाणी वापरायच्या परवानगीचे कागद पाठवा. आम्ही धावलो, एका गाण्याचा जो आकडा आला तो आमच्या अख्ख्या फिल्मच्या खर्चापेक्षा मोठा होता, आणि आमची होती सात गाणी. फिल्म मागे घ्यावी लागली. पेढे गेले ते गेलेच.

मग जुनी गाणी टाकू म्हटलं, तर तिथेही हिशोब आहे. आपल्याकडे चाल आणि शब्द यांच्यावर तो माणूस गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि रेकॉर्डिंगवर ते बाहेर आल्यापासून ६० वर्षं. म्हणजे ध्वनिमुद्रिका मोकळी झाली तरी संगीतकार आणि गीतकार कधी गेले ते बघावं लागतं. आणि "पारंपरिक आहे हो" यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पथकाच्या मास्तरांनी आम्हाला पारंपरिक म्हणून जी पाच कोळीगीतं वाजवून दाखवली त्यातली तीन कुणीतरी लिहिलेली, कुणीतरी चाल बांधलेली, कॅसेटवर नाव छापलेली निघाली. नावाशिवाय लोकांच्या तोंडात बसली, एवढंच.

शेवटी आम्ही केलं ते असं. खरंच जुन्या असलेल्या आरत्या ठेवल्या, मास्तरांकडून त्यांच्या स्वतःच्या दोन चाली वाजवून घेतल्या आणि त्याचा कागद केला, आणि जिथे पिक्चरचं गाणं काढूनच टाकता येत नव्हतं, म्हणजे विसर्जनाचा सीन, तिथे फक्त ताल ठेवला, बेंजोचा ट्रॅक बंद, नुसता ताशा आणि ढोलकी आणि पोरांचे चेहरे. तो सीन आधीपेक्षा चांगला झाला ही वेगळी गंमत. तुम्ही शूट करतानाच एक गोष्ट पाळा, वाद्यांचे माइक वेगळे ट्रॅकवर घ्या आणि मुलाखत चालू असताना शेजारचा रेडिओ, टीव्ही, कुणाची रिंगटोन, सगळं गोड बोलून बंद करवा. चाळीत हे अवघड आहे मला माहितेय, सिरीयलच्या वेळेला तर विचारूच नका. एखादं गाणं लागणारच असेल तर फक्त फेस्टिवलपुरती आणि ठरावीक मुदतीची परवानगी मागा, ती पूर्ण हक्कांपेक्षा बरीच स्वस्त पडू शकते, पुढे फिल्म विकली गेली तर जास्तीचे देऊ असं लिहून घ्यायचं. हे जुन्या फुटेजला पण लागू, बातम्यांच्या क्लिपला पण.

तसाच दुसरा कागद म्हणजे माणसांची संमती. फॉर्म मराठीत करा, आणि नुसता पुढे सरकवू नका, वाचून दाखवा, कुठे कुठे दाखवणार ते सांगा, टीव्हीवर आली तर चालेल का विचारा. अठराच्या खालचं पोरगं असेल तर आई-बापाची सही. आणि हे शूटच्या दिवशीच करा कारण नंतर माणूस सापडत नाही. आमचा ताशावाला मुलगा एडिट होईपर्यंत नोकरी सोडून गावी गेला होता आणि एका सहीसाठी मी राजापूरला एसटीने गेलो होतो, रात्रीची गाडी, पाठीचा भुगा. त्याच्या आईने घावणे घातले म्हणून फेरी वसूल झाली.

सबटायटल्स. भाऊ, इथे पैसे वाचवू नका किंवा वाचवायचे तर मेहनत करा. आधी अ‍ॅपवरून आपोआप भाषांतर करून बघितलं होतं, आमच्या फिल्ममध्ये मास्तर म्हणतात, "यंदा एकच सुपारी आली." बेंजोवाल्यांमध्ये सुपारी म्हणजे बुकिंग, आपल्याला माहितेय. अ‍ॅपने लिहिलं, यावर्षी एकच बीटल नट आला. आणि मग एका हुशार मित्राने ते सुधारलं तर त्यातून मास्तर माणसं मारायची कंत्राटं घेतात असा अर्थ निघाला. शब्दाला शब्द नका ठेवू, तो माणूस इंग्रजीत बोलला असता तर काय बोलला असता ते ठेवा, आणि थोडक्यात ठेवा, पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, त्याहून जास्त झालं की बघणारा वाचतच बसतो आणि चेहरा बघायचा राहतो. चेहरा बघायलाच तर फिल्म केली ना आपण? पांढरी अक्षरं आणि बारीक काळी कड, नाहीतर आपल्या मुंबईच्या पांढऱ्याफटक आकाशात आणि ट्यूबलाइटमध्ये काही दिसत नाही. झाल्यावर मराठी अजिबात न येणाऱ्या एका माणसाला बसवून दाखवा आणि त्याला मध्ये मध्ये गोष्ट विचारा. मी आमच्या मजल्यावरच्या तमिळ अंकलना बसवलं होतं, त्यांनी सतरा चुका काढल्या आणि चहा पण आमचाच प्यायले.

फॉर्ममध्ये फिल्मबद्दल लिहायला सांगतात, एक-दोन ओळीत, मग शंभर शब्दांत, मग थोडं मोठं, आणि दिग्दर्शकाचं मनोगत. इथे सगळे मराठीचे पेपर लिहायला बसतात. "प्रस्तुत माहितीपट महानगरातील बदलत्या सांस्कृतिक वास्तवाचा वेध घेतो." कुणाचा वेध, कसला वेध! आमचं पहिलं असंच होतं. नंतर आम्ही लिहिलं की लालबागच्या बेंजो पथकाचे ६१ वर्षांचे मास्तर डीजेच्या जमान्यात राहिलेली एकमेव सुपारी वाजवायला निघतात, आणि त्यांची बोटं आता साथ देत नाहीयेत. माणूस कोण, त्याला काय पाहिजे, आडवं काय येतंय, बास. मनोगतात तुम्ही या माणसांपर्यंत कसे पोचलात ते लिहा, तुमचा आणि त्यांचा संबंध काय ते लिहा, आजकाल प्रोग्रामर हे फार बारकाईने वाचतात, आणि वाचावंच.

लिंकचं सोपं आहे. व्हिमिओ नावाच्या व्हिडिओच्या साइटवर पासवर्ड लावून टाका, सबटायटल फिल्मवरच उमटवलेले असू द्या, डाउनलोड बंद, आणि पासवर्ड मध्येच बदलू नका, सहा महिने एकच. फिल्ममध्ये सुधारणा केली तर त्याच लिंकवर फाइल बदलता येते. कोणत्या देशातून कुणी बघितली हे आकडे तिथे दिसतात पण रात्री तीन वाजता उठून ते बघायची सवय लावून घेऊ नका, मला लागली होती. फिल्मची पहिली तीन-चार मिनिटं परत परत तपासा, आभाराच्या पाट्या, सहा कंपन्यांचे लोगो, ड्रोनने काढलेला सी लिंक, हे सगळं पुढून काढून टाका. सी लिंक तर काढाच.

आता टेक्निकल, आणि यात एक गंमत आहे जी कुणी सांगत नाही. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूबलाइट फडफडू नये म्हणून आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करतो, बरोबर करतो. पण थिएटरची फाइल, म्हणजे डीसीपी, तिचं जुनं आणि सगळीकडे चालणारं गणित २४ फ्रेमचं. २५ ची पण होते, पण प्रत्येक ठिकाणचा प्रोजेक्टर ती धरेलच असं नाही, म्हणून आधी विचारायचं. तीच फिल्म फ्रेमला फ्रेम ठेवून २४ वर चालवली की ती थोडी हळू होते, आमची ३८ मिनिटांची फिल्म ३९ मिनिटं ३५ सेकंद झाली. आता ऑस्करच्या नियमात शॉर्ट डॉक्युमेंटरी म्हणजे टायटल धरून ४० मिनिटांच्या आत. आम्ही काही ऑस्करला निघालो नव्हतो, पण विचार करा, तुमची ३९ मिनिटांची असती तर आपोआप फीचर, म्हणजे पूर्ण लांबीची फिल्म झाली असती! आवाजाचा सूर पण किंचित उतरतो, तो साउंडवाल्याला दुरुस्त करायला सांगा, बेंजोच्या फिल्ममध्ये तर सांगाच, मास्तरांनी पहिल्या मिनिटात ओळखलं की पट्टी उतरलीय.

डीसीपी बाहेर करून घ्यायला पैसे लागतात, पण डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यावर घरी होते, रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवा. कुलूप लावू नका फाइलला, म्हणजे एन्क्रिप्शन, त्याची चावी वेळेवर पोचली नाही तर स्क्रीनिंग रद्द. बोलण्याचा आवाज मधल्या स्पीकरमधून यायला पाहिजे हे साउंडवाल्याशी आधी बोला, नुसतं स्टिरिओ ठेवलं तर बाजूच्या सीटवरच्या माणसाला संवाद एका कानात ऐकू येतो. आणि शक्य झालं तर पाठवायच्या आधी एकदा कुठल्यातरी खऱ्या थिएटरमध्ये लावून बघा, सकाळच्या शोच्या आधी अर्धा तास मागून. ओळखीने होतं, प्रोजेक्शनवाल्या काकांना वडापाव न्या.

सेन्सॉरचं सगळे विचारतात. फेस्टिवलला दाखवायला प्रत्येक फिल्मचं सर्टिफिकेट लागत नाही, भारतातले फेस्टिवल केंद्राच्या माहिती आणि प्रसारण खात्याकडून सूट मागून घेतात, ते काम आयोजकांचं. पण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना भरायची असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतंच आणि ते त्या त्या वर्षातलं लागतं, सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून अर्ज करायचा, डिसेंबरसाठी थांबायचं नाही. या सेन्सॉरवरून मुंबईत मोठं रामायण झालेलं आहे. २००४ च्या मिफसाठी भारतीय फिल्मांना सर्टिफिकेटची अट घातली होती, परदेशी फिल्मांना नाही, फिल्मवाल्यांनी एकत्र येऊन विरोध केला, अट मागे घेतली गेली, पण मग निवडीत बऱ्याच बोचऱ्या फिल्म गळाल्या आणि त्या मंडळींनी त्याच वेळी मुंबईत 'विकल्प' नावाने स्वतःचा समांतर फेस्टिवल भरवला. तुमची फिल्म सरकारला टोचणारी असेल तर हा इतिहास माहीत असू द्या, आणि फक्त एका फेस्टिवलवर भिस्त ठेवू नका.

पैशांचं थोडक्यात. एंट्री फी डॉलरमध्ये असते, लवकर भरली तर कमी, शेवटच्या तारखेला जवळजवळ दुप्पट. फी माफ करा म्हणून मेल लिहायला लाजू नका, चार ओळी लिहा, कुठून आहात, फिल्म कशावर आहे, स्वतःच्या पैशाने केलीय, बरेच जण माफ करतात, आम्हाला पाचातल्या दोघांनी केली. फिल्म अजून अर्धवट असेल तर बाजारात जा, गोव्याला फिल्म बाजार असतो, आणि २०२४ पासून मिफमध्ये पण डॉक बाजार सुरू झालाय, तिथे अर्धी फिल्म दाखवून पैसे आणि माणसं शोधता येतात. आणि बक्षिसाचे पैसे आले तर ते दिग्दर्शकाचे की निर्मात्याचे, हे आधीच कागदावर लिहा, पाच हजाराच्या बक्षिसावरून बोलणं बंद झालेले दोन मित्र माझ्याच ओळखीत आहेत.

निवड झाली तर पासपोर्ट आधी बघा, सहा महिन्यांच्या वर मुदत आहे ना. व्हिसाची अपॉइंटमेंट निवडीचा मेल आला त्याच दिवशी. स्क्रीनिंगच्या आदल्या दिवशी फाइल तपासायला वेळ मागा, दोन मिनिटं सुरुवातीची, दोन मधली, आवाज ठीक, सबटायटल आहेत, झालं. प्रश्नोत्तरांना शक्य असेल तर फिल्ममधलं माणूस बरोबर न्या. आमची फिल्म, ती गाणी काढलेली, शेवटी इथल्याच एका छोट्या फेस्टिवलला लागली, मास्तर पांढरा शर्ट घालून आले होते, कुणीतरी विचारलं की तुम्हाला फिल्म कशी वाटली, तर म्हणाले, "बेंजो कमी आहे."

आणि फॉर्म भरताना नावांचं इंग्रजी स्पेलिंग दोनदा बघा, प्रत्येकाला त्याचं त्याचं विचारून घ्या. कॅटलॉग, सर्टिफिकेट, मिळालीच तर ट्रॉफी, सगळं त्या फॉर्मवरून छापतात आणि तो तुम्ही आठ महिन्यांपूर्वी रात्री दोन वाजता भरलेला असतो. आमच्या साउंडवाल्याचं आडनाव मोरे आहे, कॅटलॉगमध्ये मोर छापून आलं. त्याने ते पान कापून फ्रेम करून घरी लावलंय, आणि खाली पेनाने काना-मात्रा नाही पण एक पिसारा काढलाय.